माझ्यावर, मेरेपे आणि 'विथ मी'

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

चिखलीहून खामगावकडे निघालं की वाटेत आमचं अमडापूर लागतं. बुलडाणा जिल्ह्यातलं, चिखली तालुक्यातलं गाव. माझं बालपण तिथं गेलं. शाळा मराठी. घरात मात्र आम्ही दखनी वळणाची उर्दू बोलायचो आणि गल्लीत वऱ्हाडी. त्यामुळे 'मला' हा एवढासा शब्द मी तीनदा शिकलो. अम्मीजवळ तो 'मेरेकू' होता, गल्लीत 'मले' होता आणि शाळेत गेल्यावर 'मला' झाला. पाचवीत इंग्रजी सुरू झालं, तेव्हा तोच शब्द चौथ्यांदा शिकायची वेळ आली. 'टू मी'.

नववीतली गोष्ट सांगतो. साल १९८४ च्या आसपासचं. इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर तीन मराठी वाक्यं लिहिली आणि त्यांचं इंग्रजी करायला सांगितलं. 'मी सापाला भितो.' 'आई माझ्यावर रागावली आहे.' 'बापाला मुलाचा अभिमान आहे.' माझ्या शेजारी बसणारा मित्र शेतकऱ्याचा मुलगा, त्याच्या घरी वऱ्हाडी मराठी. आम्ही दोघांनी एकमेकांचं न बघता उत्तरं लिहिली.

सापाच्या वाक्यात त्यानं 'अफ्रेड टू' लिहिलं, मी 'अफ्रेड फ्रॉम'. दोन्ही चूक. आईच्या वाक्यात दोघांनीही 'अँग्री ऑन मी' लिहिलं. तेही चूक. अभिमानाच्या वाक्यात त्यानं 'प्राउड ऑफ' लिहिलं आणि ते बरोबर निघालं. मी 'प्राउड ऑन' लिहिलं होतं. वहीवर लाल शाईच्या रेघा आल्या. मित्राला तीनपैकी एक, मला शून्य. बरोबर शब्द सरांनी फळ्यावर लिहून दिले: अफ्रेड ऑफ, अँग्री विथ, प्राउड ऑफ. 'असं का, सर?' असं मी विचारलं, तेव्हा उत्तर आलं, 'तसंच असतं. पाठ कर.'

त्यात सरांचा दोष होता असं मला वाटत नाही. त्यांनाही कुणी कारण सांगितलेलं नव्हतं. पण विशेषणामागून येणाऱ्या या इवल्या शब्दानं खेड्यापाड्यातल्या किती मुलांची इंग्रजीशी कायमची कट्टी करून टाकली, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. म्हणून त्या 'का'चा इतिहास आज थोडा उलगडून बघू या.

आधी आमच्या चुका बघा. मित्र मराठीतून विचार करत होता. मराठीत आपण 'सापाला' भितो, म्हणून त्याच्या लेखी 'टू'. मी फळ्यावरचं मराठी वाक्य मनातल्या मनात घरच्या बोलीत फिरवलं. आमच्याकडे 'सांपसे' डरतात, म्हणून माझ्या लेखी 'फ्रॉम'. अभिमान मराठीत मुला'चा' असतो आणि 'चा' म्हणजे 'ऑफ', त्यामुळे मित्राला तो गुण फुकटात मिळाला. आमच्या घरी नाज बेटे'पे' असतो, म्हणून मी 'ऑन'वर घसरलो. राग मात्र दोन्ही भाषांत वरूनच पडतो. त्याच्याकडे 'माझ्यावर', माझ्याकडे 'मेरेपे'. त्यामुळे दोघंही एकाच खड्ड्यात. ज्याला हे कळतं त्याला नुसती वही बघून सांगता येईल, की कुठला मुलगा कुठल्या गल्लीतला आहे. आम्ही दोघं बेफिकीर नव्हतो. आपापल्या आईच्या व्याकरणाशी आम्ही अगदी इमानदार होतो.

आता प्रश्न असा, की 'ला म्हणजे टू' आणि 'वर म्हणजे ऑन' हे आमच्या डोक्यात बसवलं कुणी? त्यासाठी दोनशे वर्षं मागं जावं लागतं.

मराठीचं इंग्रजीतलं पहिलं छापील व्याकरण १८०५ साली निघालं, तेही महाराष्ट्रापासून दूर, बंगालमधल्या श्रीरामपूरला. लिहिणारे होते मिशनरी विल्यम कॅरी. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते मराठी शिकवत आणि वैजनाथ पंडितांची त्यांना मदत होती. कंपनीच्या साहेबांना आपली भाषा शिकवणं हा त्या पुस्तकाचा हेतू. म्हणजे गंमत बघा, हे इवले शब्द आधी साहेबांना घोकावे लागले. 'मला भूक लागली' म्हणताना भूक मला का लागते, मी भुकेला का लागत नाही, हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या गोऱ्या विद्यार्थ्याला पडला असणारच. त्याच्या पंडितानंही बहुधा हेच उत्तर दिलं असेल, 'तसंच असतं. पाठ करा.'

१८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला. लगेच पुढच्या वर्षी, ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं. त्याच्या पानावर मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी स्तंभांत छापलेला असे. दोन भाषा अशा खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या, की वाचणाऱ्याचं बोट आपोआप या स्तंभातून त्या स्तंभात जातं. या शब्दासमोर तो शब्द. त्या काळात इंग्रजी शिकू पाहणाऱ्या तरुणाला यापेक्षा सोयीची वाट कुठली मिळणार?

मग १८३६ साल उजाडलं. दादोबा पांडुरंग तर्खडकर तेव्हा बावीस वर्षांचे होते. त्यांनी 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केलं. मराठी माणसानं मराठीत, मराठी मुलांसाठी लिहिलेलं व्याकरण. पुढं लोकांनी त्यांना मराठीचे पाणिनी म्हटलं. दादोबांसमोर दोन नमुने होते, एका हाताला संस्कृत व्याकरण आणि दुसऱ्या हाताला इंग्रजी व्याकरण. दोन्हींचा आधार घेऊन मराठीचं घर बांधायचं होतं. ते त्यांनी बांधलं आणि आपण अजून त्याच घरात राहतो.

पण या घराला दोन दरवाजे राहिले. शाळेत आपण सगळ्यांनी विभक्तीचं कोष्टक घोकलं आहे. स, ला, ते. ने, ए, शी. ऊन, हून. चा, ची, चे. ही मांडणी आली संस्कृतच्या दरवाजातून. आणि वर, खाली, साठी, पासून, विषयी यांना आपण शब्दयोगी अव्ययं म्हणतो. शब्दांच्या आठ जातींचा तो हिशेब इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवरचा, म्हणजे दुसऱ्या दरवाजातून आलेला. खरं तर 'ला' आणि 'साठी' एकच काम करतात. नामाला चिकटतात आणि त्याचं वाक्यातल्या इतरांशी नातं सांगतात. इंग्रजीत ते सगळं काम एकटं प्रिपोझिशन करतं, आणि तेही नामाच्या पुढं उभं राहून. आपला शब्द मागून येतो आणि नामाचं रूपसुद्धा बदलायला लावतो. घोडा असतो, पण 'वर' आला की घोड्यावर.

दोन भाषांची रचना एवढी निराळी. तरी शिकायचं तर कुठं तरी पूल हवा. तो पूल भाषांतराचा झाला. तर्खडकर भाषांतर पाठमाला हे नाव तुमच्यापैकी अनेकांनी आजोबांच्या तोंडून ऐकलं असेल. आधी शब्द, मग नियम, मग मराठीचं इंग्रजी करा, इंग्रजीचं मराठी करा. शहरातल्या शिकवणीची ऐपत नसलेल्या किती तरी मुलांनी अशा पुस्तकांच्या बळावर इंग्रजी कमावलं आणि पोटाला लागले. त्या पद्धतीचे उपकार मोठेच आहेत. मात्र तिच्यातूनच वर्गावर्गांत एक हिशेब रूढ झाला. ने म्हणजे बाय, ला म्हणजे टू, ऊन म्हणजे फ्रॉम, चा म्हणजे ऑफ, त म्हणजे इन, वर म्हणजे ऑन. माझ्या वहीच्या मागच्या पानावर हे सहा ओळींचं कोष्टक होतं. रुपयाची मोड करावी तशी आम्ही शब्दांची मोड करत होतो.

टेबलावरचं पुस्तक, घरातला माणूस, चिखलीहून आलेली बस, इथं ही मोड चालते. डोळ्यांना दिसणाऱ्या जागेचा मामला असतो. पंचाईत होते ती विशेषण आल्यावर. भीती, राग, अभिमान, हुशारी, कंटाळा यांना जागा नसते. मग प्रत्येक भाषा आपल्या मनानं ठरवते, की राग कुठून येतो आणि कुठं जातो. मराठीत राग माझ्यावर, प्रेम माझ्यावर आणि विश्वासही माझ्यावरच. तिन्ही वरूनच येतात, पावसासारखे. इंग्रजीनं तिघांना तीन वेगळे सोबती दिले. रागाला 'विथ', प्रेमाला 'फॉर', विश्वासाला 'इन'. यात कोण शहाणं आणि कोण अडाणी, हा प्रश्नच निघत नाही.

आमच्या वऱ्हाडाची गोष्ट आणखी एका पायरीनं लांब आहे. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. तोवर हा मुलूख हैदराबादच्या छत्राखाली होता. पुढं इथं शाळा निघाल्या तेव्हा क्रमिक पुस्तकांतली मराठी आली ती पुण्या-मुंबईकडून. मेजर टॉमस कॅंडी यांच्यासारख्या लोकांनी घासूनपुसून घेतलेली. आपण आज जी स्वल्पविराम, पूर्णविराम ही विरामचिन्हं वापरतो, त्यांची परिभाषासुद्धा कॅंडींनी १८५० साली मांडलेली आहे. त्या मराठीत 'मले' नव्हतं, 'मला' होतं. म्हणजे वऱ्हाडातल्या मुलाची इंग्रजीची पाटी कोरी नसायचीच. त्याच्या इवल्या शब्दांवर लाल रेघ आधी मराठीच्याच तासाला ओढली गेलेली असायची. माझ्यासारख्याच्या 'मेरेकू'वर तर दोन्हीकडून. इंग्रजीच्या तासाला आम्ही गप्प का बसायचो, त्याचं एक कारण हेही आहे.

आता इंग्रजीच्या घरात डोकावू. आपल्याला वाटतं, की साहेबाच्या भाषेत हे सगळं पहिल्यापासून पक्कं ठरलेलं असेल. तसं मुळीच नाही.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीला मराठीसारखेच विभक्तीचे प्रत्यय होते. 'भरलेला' किंवा 'लायक' या अर्थाच्या विशेषणाबरोबर येणारं नाम षष्ठीत जायचं. हळूहळू ते प्रत्यय झिजले. १०६६ नंतर नॉर्मन राजवटीबरोबर फ्रेंच आली आणि तिच्या 'द' या शब्दाचं वळणही इंग्रजीनं गिरवलं. गेलेल्या षष्ठीच्या जागी 'ऑफ' येऊन बसला. आज आपण 'फुल ऑफ' किंवा 'वर्दी ऑफ' म्हणतो, तेव्हा एका मेलेल्या विभक्तीचा वारस बोलत असतो. 'नियर' आणि 'लाइक' हे शब्द पूर्वी चतुर्थीसारख्या विभक्तीबरोबर चालत. तिचा प्रत्यय गेला, पण तिथं नवा शब्द बसलाच नाही. म्हणून 'लाइक हिम' यात मधे काही लागत नाही.

'सीनियर' आणि 'ज्युनियर' यांची तऱ्हा आणखी वेगळी. कचेरीत कुणी 'सीनियर दॅन मी' म्हणालं की साहेब लगेच सुधारतो, 'सीनियर टू मी'. आपलं गणित साधं असतं. 'माझ्यापेक्षा' म्हटलं की 'दॅन'. पण सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे शब्द लॅटिनमधून तुलनेचं रूप घेऊनच आले. पाहुणे होते, त्यांनी इंग्रजीचा 'दॅन' घेतला नाही, 'टू' धरला. शिकवताना एवढं एक वाक्य सांगितलं तरी विद्यार्थी पुन्हा चुकत नाही.

आणि आता माझ्या सापाकडे येतो. पन्नाशी उलटल्यावर एका इंग्रजी कोशात मी 'ऑफ' शोधला. तिथं कळलं, की 'ऑफ' आणि 'दूर, सुटून' या अर्थाचा दोन एफवाला 'ऑफ' हे मुळात एकच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता 'पासून, दूर'. दोघांची वाटणी पूर्ण झाली ती सतराव्या शतकाच्या सुमारास. म्हणजे 'ऑफ'च्या पोटात मुळात 'फ्रॉम'च होता. माझं 'अफ्रेड फ्रॉम' आजच्या इंग्रजीत चूकच आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण ते मूर्खपणाचं नव्हतं. 'सांपसे' म्हणणारी माझी अम्मी आणि कुठलासा जुना इंग्रज शेतकरी, भीतीची दिशा दोघांनीही जवळपास सारखीच ओळखली होती. 'विथ'चंही तसंच. आज त्याचा अर्थ 'सोबत' असला तरी जुना अर्थ 'विरुद्ध, समोर' असा होता. 'विथस्टँड' म्हणजे समोर टिकून उभं राहणं, त्यात तो अजून शिल्लक आहे. त्या नजरेनं पाहिलं की रागाबरोबरचा 'विथ' तितका विचित्र वाटत नाही.

इंग्रजांमध्ये आपसातही या जोड्यांवरून भांडणं झाली आहेत. 'डिफरंट'पुढे 'फ्रॉम'च हवा की 'टू' चालेल, यावर तिथले मास्तर पिढ्यान् पिढ्या वाद घालत आले. 'डिफरंट टू' सोळाव्या शतकापासून लिहिलं जातं. अखेर १९२६ साली फाउलर या कोशकारानं इंग्रजी वापराविषयीच्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात स्पष्ट सांगितलं, की फक्त 'फ्रॉम'चा आग्रह ही अंधश्रद्धा आहे. अमेरिकेत तर 'डिफरंट दॅन' सर्रास चालतं. अलीकडच्या दशकांत इंग्लंडमधली तरुण मुलं 'बोअर्ड विथ' सोडून 'बोअर्ड ऑफ' म्हणू लागली आहेत आणि जुने लोक नाक मुरडत आहेत. या जोड्या म्हणजे वहिवाट आहे. शेताच्या बांधावरून लोक चालत राहिले की पायवाट पडते, तशी. आणि वहिवाट बदलतेही.

पण म्हणून काहीही लिहिलेलं चालेल, असा अर्थ कुणी काढू नये. इवला शब्द बदलला की अर्थ बदलतो. 'टायर्ड फ्रॉम' म्हणजे काम करून थकलेला आणि 'टायर्ड ऑफ' म्हणजे कामाला कंटाळलेला. मालकासमोर यातला कुठला शब्द वापरला, यावर नोकरी टिकणं अवलंबून राहू शकतं. 'गुड ॲट' म्हणजे एखाद्या कामात तरबेज, 'गुड फॉर' म्हणजे हिताचं आणि 'गुड टू' म्हणजे कुणाशी चांगलं वागणारा. आपल्याकडेही हेच आहे. 'तो त्याच्याशी बोलला' आणि 'तो त्याला बोलला' यात केवढा फरक आहे, ते बोलणी खाल्लेल्याला विचारा. परक्या माणसाला तो फरक आपण कुठल्या नियमानं समजावणार?

१९९३ साली एका कारकुनाच्या जागेसाठी मी मुलाखतीला गेलो होतो. नुकताच बी. ए. झालो होतो. घरी कोण कोण असतं, असं इंग्रजीत विचारलं. मी म्हणालो, माझी बहीण एका शिक्षका'विथ' मॅरिड आहे. लग्न शिक्षकाशी झालं आणि 'शी' म्हणजे 'विथ'. समोरच्यांपैकी एक जण हसले, 'टू' म्हणाले आणि बाजूच्याकडे बघून पुन्हा हसले. त्यानंतरच्या प्रश्नांची उत्तरं मला येत होती, पण तोंडातून शब्द फुटला नाही. जागा गेली, त्याचं दुःख पुढं ओसरलं. त्या हसण्यानंतर मात्र कित्येक वर्षं मी इंग्रजीत एक वाक्य बोललो नाही. दुकानात, बँकेत, रेल्वेच्या खिडकीवर, कुठंच नाही. एका 'शी'पायी.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. निर्णयावर त्या वेळी बरीच चर्चा झाली. आमच्या वेळी पाचवीत जे यायचं ते आता सहाव्या वर्षी येतं. पण इंग्रजी किती लवकर सुरू होतं, यापेक्षा चूक झाल्यावर मुलाला काय ऐकायला मिळतं, हे मला अधिक महत्त्वाचं वाटतं. 'अँग्री ऑन' लिहिणाऱ्याला 'चूक' एवढंच सांगितलं तर तो शब्द विसरेल. 'तुझी भाषा राग वरून टाकते, त्यांची भाषा समोर उभा करते' असं सांगितलं तर तो दोन्ही भाषा लक्षात ठेवील. एकटं विशेषण कधी पाठ करू नये, त्याचा जोडीदार बरोबर घ्यावा. लग्नाच्या आमंत्रणात आपण एकट्याचं नाव लिहितो का? तसंच हे.

मागच्या वर्षी माझी पुतणी चाचणीचा पेपर घेऊन आली. आठवीत आहे. 'अफ्रेड फ्रॉम' लिहिलं होतं आणि त्याखाली लाल रेघ. चाळीस वर्षांत रेघ तीच, शाई तीच. मी तिला 'ऑफ'ची सगळी कहाणी सांगितली. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, 'चाचा, मग तुम्ही शाळेत येऊन मला तो एक मार्क द्यायला सांगा ना.'

मी म्हणालो, 'मार्क नाही मिळणार, बेटा. परीक्षेत 'ऑफ'च लिहायचं. फक्त लाजायचं नाही.'

तिनं वहीचं मागचं पान उघडलं. माझ्या वहीत जिथं सहा ओळींचं कोष्टक असायचं, तेच पान. तिथं तिनं 'अफ्रेड ऑफ' लिहिलं आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात दोन शब्द: सांपसे, सापाला. मग पुढची जोडी विचारली.